गारांची वाटी : लहान मुलांना वादळ, गारपीट आणि थंडीचा कडाका कसा शिकवायचा

"ताई, तो बरफना वारा आपला गावमा कव्हय यी?" (ताई, ते बर्फाचं वारं आपल्या गावात कधी येईल?)

अंगणवाडीतल्या पाच वर्षांच्या पोराने हा प्रश्न विचारला तेव्हा डिसेंबरची सकाळ होती. मामाच्या मोबाइलवर त्याने हिमवादळ पाहिलं होतं. मी पटकन म्हणून गेले, "नाही रे, आपल्याकडे नाही येत ते." तो हिरमुसून खेळायला गेला. उत्तर खरं होतं, तरी दिवसभर ते मला टोचत राहिलं. बर्फाचं वादळ खान्देशात येत नाही, पण गारा येतात, वीज येते, पत्रे उडवणारं वावधन येतं. सातपुड्यात तर थंडीचा असा कडाका पडतो की तोरणमाळ, डाब या भागात काही वर्षी दवबिंदू गोठतात. लेकरू स्वतःहून वादळाबद्दल विचारत होतं आणि मी तो विषयच मिटवून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी तोच धागा पुन्हा धरला. तेव्हापासून दर हिवाळ्यात जे शिकवते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. नव्याने रुजू झालेल्या सेविका, बालवाडीच्या ताई आणि घरात तीन ते आठ वर्षांचं लेकरू असलेले आई-बाप यांच्यासाठी हे आहे. सगळं एका आठवड्यात उरकायला जाऊ नका. मला स्वतःला हे बसवायला दोन हिवाळे लागले.

आधी मोठ्यांनी समजून घ्यायचं

१२ जानेवारी १८८८. अमेरिकेतली डाकोटा, नेब्रास्का, मिनेसोटाची सपाट माळरानं. आधीचे दिवस कडक थंडीचे गेले होते आणि त्या दिवशी सकाळी हवा एकदम सैल झाली. कितीतरी मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. मग बघता बघता हिमवादळ येऊन थडकलं. त्यात सुमारे २३५ माणसं दगावली असं धरतात, आणि शाळेतून घराकडे निघालेली मुलं त्यात पुष्कळ होती. म्हणून त्या वादळाला तिकडे मुलांचं हिमवादळ असंच नाव पडलं.

त्याच वर्षी ३० एप्रिलला आपल्या देशात, आजच्या उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ, संत्र्याएवढ्या गारा पडल्या आणि २४६ माणसं गेली. एका गारपिटीत गेलेल्या बळींची जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी ही सगळ्यात मोठी नोंद आहे.

मी नव्या सेविकांना या दोन्ही गोष्टी सांगते, त्या मुरादाबादचा आकडा ऐकवायला नाही, तर डाकोटातल्या त्या सकाळीसाठी. सकाळ छान होती. आपल्याकडचंही तसंच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, दादर (रब्बी ज्वारी) काढणीला आलेली असते, आई-बाप दिवसभर वावरात असतात, दुपारी ऊन चटचटतं, लेकरू स्वेटर काढून फेकतं, आणि चार-पाचच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ काळं होत येतं. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट होत राहिली. ज्यांनी तेव्हा आडवी झालेली उभी पिकं पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

उत्तरेत हिमालयावर जो हिवाळी बर्फ पडतो तो बहुतेक वेळा भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. तो पट्टा पुढे सरकला की मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा खाली उतरतो आणि आपल्याकडे हुडहुडी भरते. हाच पट्टा जरा दक्षिणेला आला, समुद्राकडून ओलसर हवा आली आणि खाली जमीन तापलेली असली की ढग उंचच उंच चढतात आणि गारा पडतात. म्हणजे मोबाइलवरचं हिमवादळ आणि आपल्या वावरातली गार अगदीच परकी नाहीत. पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

पायरी पहिली : जागा ठरवा

मुलांना काही सांगण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी अंगणवाडीत किंवा घरात एकट्याने फिरा. वादळात पोरं बसतील कुठे? खिडकीपासून लांब, पत्र्याच्या कडेपासून आत, वर लोखंडी पंखा नाही, शेजारी कपाट नाही अशी एक भिंत शोधा. कपाट असेल तर ते भिंतीला बांधून घ्या. धाब्याचं जुनं घर असेल तर वरची माती पावसाने भिजून जड होते, तेव्हा धाबं कुठे झुकलंय, कडीपाट कुठे कुजलंय हे गावातल्या जाणत्या मिस्त्रीला आधीच दाखवा. नुसत्या पत्र्याच्या खोलीत गारांचा आवाज इतका होतो की तुमचा शब्द मुलांपर्यंत पोचत नाही. तिथे हाताच्या खुणा ठरवून ठेवाव्या लागतात, त्यांचं पुढे सांगते.

ठरलेल्या भिंतीजवळ जमिनीवर रंगीत खडूने किंवा गेरूने पट्टा ओढा. आमच्याकडे त्याला 'घरटं' म्हणतात. नाव मुलांनीच दिलं आणि तेच ठेवलं.

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा. आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, आणि गावात ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याचा नंबर. मोबाइलमध्ये 'दामिनी' हे अ‍ॅप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ते केलं आहे आणि आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असला की ते सांगतं. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे इशारेही सकाळी बघून ठेवायची सवय लावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. नारिंगी असेल त्या दिवशी मी पोरांना मैदानात नेतच नाही.

पायरी दुसरी : बर्फाच्या वादळाची गोष्ट

इथून मुलं तुमच्या सोबत आहेत. गारपिटीआधी हिमवादळ का, असं मला काहीजणींनी विचारलं. लांबचं वादळ सांगताना लेकरं घाबरत नाहीत, ऐकतात. एकदा ऐकायची गोडी लागली की जवळचं सांगता येतं.

आधी हिमवादळ म्हणजे काय ते आपल्याला नीट माहीत हवं. नुसता खूप बर्फ पडला म्हणजे हिमवादळ होत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या हिशेबाने ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा, उडणाऱ्या बर्फामुळे ४०० मीटरच्या पुढचं दिसेनासं होणं, आणि हे सगळं किमान तीन तास टिकणं, याला ब्लिझर्ड म्हणतात. मुलांसाठी एवढंच पुरे: "वारा इतका आणि बर्फ इतका की आपल्या दारातून शेजारच्या काकूंचं दार दिसत नाही."

मग दोरीचा खेळ. तिकडच्या माळरानावरचे शेतकरी घर आणि गोठा यांच्यामध्ये दोरी बांधून ठेवत, कारण गुरांना चारा घालायला गेलेला माणूस स्वतःच्याच अंगणात वाट चुकून गोठून मरू शकत होता. गोठ्याची गोष्ट आपल्या पोरांना लगेच कळते, ती गोठ्यातच वाढतात. दोन खुंट्यांना दोरी बांधा. एकेका मुलाच्या तोंडासमोर पांढरं धोतर किंवा चादर धरा आणि दार शोधायला सांगा. बिचारी गोल फिरतात, भलतीकडे जातात. मग हात दोरीवर ठेवून पुन्हा चालायला सांगा. पोचतात. १८८८ च्या त्या दिवशी नेब्रास्कात मिनी फ्रीमन नावाची एक तरुण शिक्षिका शाळेचं छप्पर उडाल्यावर आपल्या पोरांना वाऱ्यातून जवळच्या शेतघरापर्यंत घेऊन गेली. तिने मुलं दोरीने एकमेकांना बांधली होती असं सांगतात. ते दोरीचं खरं की लोकांनी नंतर रंगवलेलं, यावर वाद आहे, पण मुलं वाचली हे खरं. ही गोष्ट सांगितली की आमची पोरं आपणहून एकमेकांचे हात धरतात.

खेळ संपला की एकच प्रश्न विचारा: "वाट दिसत नसेल तर काय करायचं?" उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या. "जिथं आहे तिथंच थांबायचं, मोठ्या माणसाचा हात धरायचा." धुक्यात, धुळीच्या वावटळीत, लाइट गेल्यावर, जत्रेच्या गर्दीतही हेच उपयोगी पडतं.

गावात लेह-लडाखकडे नोकरी केलेला, सुट्टीवर आलेला जवान असेल तर त्याला अर्धा तास बोलवा. बर्फात हातमोजा कसा घालतात ते तो दाखवेल. चार बोटं एकत्र राहणारा मोजा बोटं सुटी असलेल्या मोज्यापेक्षा जास्त ऊब देतो, कारण बोटं एकमेकांना गरम ठेवतात. हे पोरांना फार आवडतं. दिवसभर मुठी वळून फिरतात.

पायरी तिसरी : ओला हात, कोरडा हात

मुलांचा एक हात पाण्यात बुडवा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्हींवर फुंकर मारायला सांगा. "कोणता गार पडला?" सगळी एकसाथ ओला हात वर करतात. बस, थंडीचं निम्मं शास्त्र झालं. पाणी आणि वारा मिळून अंगाची ऊब पळवतात. लहान मुलाच्या अंगावरची कातडी वजनाच्या मानाने जास्त असते, म्हणून ते मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं.

यातून दोन सवयी लावायच्या. भिजलं की आधी ओले कपडे काढायचे, शेकायला नंतर बसायचं. आपल्याकडे उलट करतात, भिजलेलं पोर तसंच चुलीपाशी बसवतात. आणि एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालायचे, कारण त्यांच्या मधली हवा ऊब धरून ठेवते. कानटोपी विसरू नका. हे एका वाक्यात सांगून संपत नाही, रोज सकाळी हजेरी घेताना बघावं लागतं.

पायरी चौथी : गार

इथे मी जरा थांबणार आहे, कारण खान्देशातल्या लेकरांना सगळ्यात जास्त इजा होण्याची शक्यता याच पाच-दहा मिनिटांत असते, आणि ती भीतीमुळे होत नाही. ती आनंदामुळे होते.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. मार्च महिना. गारा सुरू झाल्या तेव्हा मी पोरांना ओट्यावर घेऊन उभी होते. मलाही बघायच्या होत्या. "बाहेर जाऊ नका" असं मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगायच्या आत एक चार वर्षांची मुलगी फ्रॉकचा ओचा पसरून अंगणात पळाली. तिच्या कपाळाला सुपारीएवढी गार लागली. तीन टाके पडले. तिच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला आजवर जड जातं.

त्या दिवसाने मला शिकवलं की "जाऊ नको" हे वाक्य गारांपुढे टिकत नाही. पांढऱ्या शुभ्र गोळ्या आभाळातून अंगणात उड्या मारताहेत आणि चार वर्षांच्या लेकराने हात बांधून बसायचं, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्याला नकाराच्या जागी काहीतरी हातात द्यावं लागतं. मी वाटी दिली.

प्रत्येक मुलाची एक स्टीलची वाटी दाराजवळच्या फळीवर ठेवलेली असते. तिचं नाव गारांची वाटी. गारा सुरू झाल्या की मुलांनी आपापली वाटी घ्यायची, घरट्यात जाऊन बसायचं आणि वाटी मांडीत धरायची. गारा थांबल्या, गडगडाट थांबला, आणि ताईने सांगितलं की वाटी घेऊन बाहेर. वेचायला मिळणार हे त्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून ती बसतात. पण हा शब्द तुम्ही पाळलाच पाहिजे. एकदा जरी "आता उशीर झाला, जा घरी" म्हणालात तर पुढच्या गारांना वाटी चालणार नाही. बाहेर पडेपर्यंत गारा विरघळल्या असतील तर कुणाच्या तरी घरच्या फ्रीजमधला बर्फ आणा, पण वाटी रिकामी ठेवू नका.

आवाजाची ओळखही आधीच करून द्या. स्टीलच्या ताटावर आधी तांदूळ टाका, मग हरभरे, मग भिजवलेल्या कणकेच्या घट्ट गोळ्या, मग लिंबं. "ही बारीक गार. ही मोठी. ही लागते." मुलांना डोळे मिटून ओळखायला लावा. पत्र्यावरचा खराखुरा दणका पहिल्यांदा ऐकून रडणारं पोर दुसऱ्या वर्षी म्हणतं, "ताई, लिंबूवाली!"

घरापासून लांब असताना गारा आल्या तर काय? दप्तर डोक्यावर. दप्तर नसेल तर टोपली, पोतं, गोधडी, आईची ओढणी चार घड्या करून, जे हाती लागेल ते. वाऱ्याकडे पाठ, गुडघ्यात डोकं. डोकं आणि मान झाकली की बाकीचं अंग सोसतं. याचा सराव घेताना मी कणकेच्या गोळ्या खरंच पोरांच्या दप्तरांवर टाकते. हसत-ओरडत करतात, पण दप्तर डोक्यावरून हलू देत नाहीत.

एक गोष्ट शहरातल्या ताईंना सुचणार नाही म्हणून मुद्दाम लिहिते. खेड्यातलं लेकरू गारांत करडाला किंवा वासराला सोडवायला पळतं. त्याचा जीव त्यात असतो. "करडू मोठी माणसं सोडतील, तुझं काम घरट्यात बसायचं" हे त्याला आधी सांगून ठेवा, आणि आजोबांनाही सांगा की असल्या वेळी पोराला "जा रे, शेळी आत घे" म्हणून पाठवायचं नाही. आजोबांना सांगताना जरा जपून, पण सांगाच. तसंच आंब्याखाली पडलेल्या कैऱ्यांचं. एप्रिल-मेच्या वावधनात कैऱ्या वेचायला झाडाखाली धावणारी मुलं मी दर वर्षी बघते. फांदी मोडते, वीजही पडते. त्यांनाही तीच वाटी: वादळ संपल्यावर.

पायरी पाचवी : वीज

देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने दगावतात. मुलांना हा आकडा सांगू नका. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक ओळ आहे, पोरांनीच आपल्या बोलीत जुळवलेली:

"आभाय गडगडनं, घरमा पयनं.
गारा पडन्यात, डोकं झाकनं."
(आभाळ गडगडलं की घरात पळायचं, गारा पडल्या की डोकं झाकायचं.)

ही रोज प्रार्थनेनंतर म्हणतो. धडगाव, अक्कलकुवा भागात पोरांची घरची बोली वेगळी असते. तिथल्या ताईंनी माझी ओळ घेऊ नये. मुलांनाच विचारा, तुमच्या घरी गडगडाटाला काय म्हणतात, आणि त्यातून नवी ओळ करा. घाबरल्यावर लेकराला घरचाच शब्द आधी ऐकू येतो.

पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना मोजायला शिकवा. वीज चमकली की "एक गार, दोन गार, तीन गार" असं सावकाश मोजत जायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि घरात असणं गरजेचं आहे. मात्र मोजायला अंगणात उभं राहायचं नाही, हे मोजणं घरट्यात बसूनच. खरं तर गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आहोत, मोजणं हे हातांना आणि तोंडाला काम देण्यासाठी. मोजणारं पोर रडत नाही. शेवटचा गडगडाट झाल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नये. हा अर्धा तास पाळणं मोठ्यांना सगळ्यात जड जातं, ऊन पडलं की सगळी निघतात.

घरात असताना नळाला, विजेच्या तारेला, चार्जिंगला लावलेल्या मोबाइलला हात नाही. झाडाखाली थांबणं नाही. बैलगाडी, उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल यांत आसरा नाही, काचा लावलेली चारचाकी चालते. वावरातून निघायची वेळ म्हणजे पहिला गडगडाट. "एवढी ओळ काढून निघू" असं म्हणणाऱ्या आईशी मी वाद घालते, कारण तिच्यासोबत बांधावर तिचं लेकरू बसलेलं असतं. केळीच्या बागेतही थांबू नये, जोराच्या वाऱ्यात घडासकट झाडं आडवी होतात. रावेर-यावलच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको, पण झाडं पडतात तेव्हा बागेत पोरं असू नयेत हे सांगावं लागतं.

आणि हे मोठ्यांसाठी: वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. या एका गैरसमजापायी माणसं लांब उभी राहतात.

पायरी सहावी : निरभ्र दिवशी सराव

आभाळ भरून आल्यावर शिकवायला घेऊ नका. तेव्हा तुमचाच आवाज चढलेला असतो. सराव स्वच्छ उन्हाच्या दिवशी, पोट भरलेलं असताना, दहा मिनिटं. आमचा महिन्यातून दोनदा असतो, डिसेंबर ते मे.

मी ताटावर तीनदा चमचा वाजवते. एक: वाटी. दोन: घरटं. तीन: डोकं. तीन वर्षांच्या मुलाला यातली एकच गोष्ट जमते, घरट्याकडे पळणं, तेवढंच त्याच्याकडून घ्या. पाच-सहा वर्षांचं मूल तिन्ही क्रमाने करतं आणि शेजारच्या धाकट्याचा हातही धरतं. पत्र्याच्या दणक्यात ऐकू येणार नाही म्हणून खुणाही ठरलेल्या: हाताची ओंजळ म्हणजे वाटी, दोन्ही तळवे डोक्यावर म्हणजे झाका, तळहात खाली दाबला म्हणजे बसा. सराव झाला की शाबासकी द्या, पण घड्याळ लावून शर्यत लावू नका. शर्यतीत धाकटी पायाखाली येतात. मी लावली होती, एकाचं ढोपर फुटल्यावर बंद केली.

दोनापैकी एक सराव पालकांसमोर घ्या. गारपिटीच्या वेळी पालक धावत येऊन पोराला उचलून त्याच गारांतून घरी नेतात. "आम्ही आत आहोत, वादळ थांबल्याशिवाय कुणाला सोडणार नाही" हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असलं की त्यांचाही जीव थाऱ्यावर राहतो.

पायरी सातवी : थंडीच्या रात्री

मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारा आपला जळगाव-भुसावळचा पट्टा हिवाळ्यात एक आकडी तापमानावर येतो, धुळ्याला तर त्याहून कडाका. घरं मात्र उन्हाळ्यासाठी बांधलेली. सातपुड्यातल्या कुडाच्या भिंतींतून रात्रभर वारा येतो. तिथे गोधडीआधी भिंतीच्या फटी शेणामातीने बुजवणं जास्त कामाचं. जमिनीवर झोपणाऱ्या लेकराच्या अंगाखाली वाळलेला पेंढा किंवा पोती घाला. खालून येणारी थंडी वरच्या दोन गोधड्यांना ऐकत नाही.

शेकोटीचा नियम आम्ही अंगणात रेघ मारून शिकवतो: मोठ्या माणसाच्या तीन पावलांवर वर्तुळ, त्याच्या आत मुलांनी पाय टाकायचा नाही. घरी आजी-आजोबांनाही ती रेघ दाखवायला मुलांना सांगा, पोरं हे काम फार कडकपणे करतात.

कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं दार-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत कधीच ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. हिमवादळांच्या देशातही हेच घडतं: बर्फात अडकलेल्या गाडीचं इंजिन ऊबेसाठी चालू ठेवतात, मागची धुराची नळी बर्फाने बुजते आणि धूर आत भरतो. हे मुलांना शिकवायचं नाही, हे आपलं काम.

अंग गार पडलेलं मूल ओळखायला शिका. कुडकुडणारं मूल अजून झगडत असतं. कुडकुडणं थांबलं, बोलणं जड झालं, पेंग येऊ लागली, तान्हं असेल तर दूध ओढेना, म्हणजे उशीर होत चालला आहे. ओले कपडे काढा, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्या, शुद्धीत असेल तर कोमट दूध पाजा आणि दवाखाना गाठा. हातपाय जोराने चोळू नका, थेट आगीपाशी धरू नका.

(कुणाचं कुटुंब नोकरीनिमित्त खरोखरच्या बर्फाच्या मुलखात निघालं असेल तर पोराला इतकं आधी शिकवून न्या: बर्फ पडताना एकट्याने दाराबाहेर नाही, रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात बोगदा खणून खेळणं नाही, गाडी अडकली तर गाडीतच बसायचं. बाकीचं तिथली शाळा शिकवते.)

वादळ गेल्यावर

काही मुलं दुसऱ्या दिवशी आईचा पदर सोडत नाहीत, कुणी रात्री अंथरूण ओलं करतं, ढग दिसला तरी कान झाकतं. रागावू नका, आणि "काही होत नाही" असंही म्हणू नका. त्याने पाहिलंय की काहीतरी होतं. "आवाज मोठा होता. आपण घरट्यात होतो. भिंत पक्की आहे." एवढं, पुन्हा पुन्हा, त्याच शब्दांत. खडू आणि कागद द्या. पहिली दोन चित्रं सगळी काळी येतात. तिसऱ्या-चौथ्यात एखादी वाटी दिसू लागते.

गारा पडून गेल्या, शेवटच्या गडगडाटाला अर्धा तास झाला, अंगणात लोंबकळणारी तार किंवा सुटलेला पत्रा नाही हे तुम्ही स्वतः फिरून पाहिलं, की वाट्या घेऊन पोरांना बाहेर सोडा. वेचू द्या मनसोक्त. खायला देऊ नका, मातीत पडलेल्या असतात. सगळ्यात मोठी गार तुम्ही घ्या, विळीवर धरून मधोमध कापा आणि पटकन सगळ्यांना दाखवा. आत कांद्यासारखी कडी असतात, एक पांढुरकं, एक काचेसारखं. ढगातल्या वाऱ्याने तिला वर धरून ठेवलं तेवढा वेळ ती थरावर थर चढवत राहिली. मुलं बोट लावून कडी मोजतात, आणि तिसऱ्या-चौथ्यावर येईपर्यंत गार विरघळलेली असते, म्हणून शेजारी दुसरी तयार ठेवा.